साडेअकरा किलोचा कुंदन

आठवीच्या विज्ञानात वजन आणि वस्तुमान हा धडा आला की मला चेव यायचा. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यात रटाळ धडे पुष्कळ होते, पण हा एक धडा मी नाटकात काम केल्यासारखा शिकवायचे. टेबलावर एका बाजूला दोन पारड्यांचा तराजू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगचा काटा टांगायचा आणि विचारायचं, चंद्रावर भाजीचं दुकान टाकायचं ठरलं तर यातला कोणता नेणार? आमच्या शाळेतली निम्मी मुलं मखमलाबादकडच्या मळ्यांतली, घरची भाजी पहाटे पंचवटीच्या मार्केटला जाणारी. त्यांना वाटायचं हा तर आपल्या घरचा प्रश्न. ती हमखास स्प्रिंगचा काटा म्हणायची, कारण न्यायला सोपा.

मग मी त्यांची जिरवायचे. चंद्राची ओढ कमी, त्यामुळे स्प्रिंग कमी ताणली जाणार आणि सहा किलोचा फ्लॉवर एक किलो भरणार. तराजूचं तसं नाही. तिथे फ्लॉवर हलका झाला तर पलीकडचं मापही तेवढंच हलकं होतं, पारडी पुन्हा समोरासमोर. वजन म्हणजे जमीन तुम्हाला किती ओढते ते, आणि वस्तुमान म्हणजे तुमच्यात ऐवज किती आहे तो. ओढ जागेप्रमाणे बदलते, ऐवज बदलत नाही. अंतराळात वजन पार शून्य झालं तरी ऐवज तेवढाच राहतो. हे शेवटचं वाक्य मी खडू खाली ठेवून, सावकाश म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली मी त्यात एक भर घातली. चंद्र फार लांब पडतो, मुलांना जवळचं काहीतरी द्यावं म्हणून सांगितलं की तुम्ही देवीच्या डोंगरावर जाता ना, तिथेसुद्धा तुमचं वजन खालच्यापेक्षा किंचित कमी असतं, कारण पृथ्वीच्या मध्यापासून तुम्ही लांब गेलेले असता. वर्गात हशा पिकला. फक्त रूपाली नावाची एक मुलगी हसली नाही. एरवी तोंडही न उघडणारी ही पोर उभी राहिली आणि तिने विचारलं, किती कमी? मी म्हटलं, फारच थोडं, आणि घंटा झाली.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत रूपालीची आई शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं नाव नवसाबाई. नावच सांगत होतं की बाई स्वतः नवसाची. मार्केट आटोपून ती परस्पर आली होती, पदराला मेथीची पानं चिकटलेली. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसेना. मला वाटलं, मुलीला शाळेतून काढायचं असेल, म्हणून मी आधीच भुवया चढवल्या होत्या. तिने मात्र भलतंच विचारलं. डोंगरावर वजन कमी भरतं हे खरं का?

खरं आहे म्हटल्यावर ती दारातच खाली बसली. मग तिने सांगितलं ते असं. चार मुलींवर तिला मुलगा झाला, कुंदन. पाचव्या खेपेला तिने डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता, की मुलगा होऊ दे, चांगला धावायला लागला की त्याच्या भारंभार, त्याच्या वजनाइतका, गूळ वाहीन. डोंगर सिन्नरच्या अंगाला आहे. नाव देत नाही, तिथल्या गुरवाला उगाच त्रास नको. त्यांच्यात एक रीत आहे, नवस फिटेपर्यंत मुलाचं वजन दुसऱ्या कोणी करायचं नाही. अंगणवाडीची ताई वजनाला आली की ही कुंदनला घेऊन मळ्यात लपायची. मुलाचं पहिलं वजन देवीसमोर व्हायचं.

सत्त्याण्णवच्या चैत्रात, कुंदन अडीच वर्षांचा असताना, ते डोंगरावर गेले. गुरवाकडे मोठा तराजू होता, एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात गूळ. पण लोखंडी पारडं हलायला लागल्यावर कुंदन इतका घाबरला की त्याला पारड्यात बसवणं जमेना. मागे आणखी माणसं खोळंबलेली. तेव्हा तिचा नवरा मोतीराम म्हणाला, आपला काटा आहे की. भाजी मोजायचा स्प्रिंगचा काटा त्याने बरोबर आणला होता. तो देवळामागच्या आंब्याच्या फांदीला अडकवला, जुन्या लुगड्याची झोळी केली, तिच्यात कुंदनला घातलं. काट्याने साडेअकरा किलो दाखवलं. गूळ खाली पंचवटीत दुकानातून किलो-किलोच्या भेल्यांत मोजून आणलेला. त्यातल्या साडेअकरा किलोच्या भेल्या देवीसमोर ठेवल्या, उरलेला गूळ घरी परत आला. आणि कार्तिकात कुंदन तापाने तीन दिवसांत गेला.

मी हळहळ दाखवली, तिथवर चूक केली नाही. चूक पुढे केली. तिने विचारलं, पोर वर मोजलं आणि गूळ खाली मोजला, मग देवीला कमी गेला का? माझ्या जागी कुणीही शहाणं माणूस नाही म्हणालं असतं. पण मी पडले विज्ञानाची. कुणी नेमका प्रश्न विचारला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मी कागद ओढला, शहर आणि डोंगर यांच्या उंचीत सहाशे मीटरचा फरक धरला, पृथ्वीची त्रिज्या मांडली, भागाकार केला आणि सांगितलं, दोन ग्रॅम. फार तर दोन ग्रॅम कमी गेला असेल. मला वाटलं आकडा इतका क्षुल्लक आहे की ऐकून ती हसेल.

तिने मला तो आकडा कागदावर लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिला. त्या कागदाची आज सव्वीस वर्षांनंतरही मला लाज वाटते.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा अर्ध्याने उतरली होती. एका सराफाकडून दोन ग्रॅम गूळ मोजून घेतला, पुडी बांधून ती एकटी डोंगरावर जाऊन वाहून आली. म्हणाली, पण बाई, फरक नाय. कशात फरक नाही, असं मी विचारलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे प्रकरण गुळाचं नाही.

कुंदन गेल्यानंतर महिनाभराने सुरू झालं. मार्केटहून येऊन, दोन घास खाऊन ती उंबऱ्यात मांडी घालून बसायची, तीच कुंदनची झोपायची वेळ. एक दिवस मांडीवर कोणीतरी आहे असं वाटलं. दिसत काही नाही, हाताला लागत नाही. नवरा म्हणाला मनाचे खेळ. सासू म्हणाली नवसात खोट राहिली. मग रूपाली शाळेतून धडा शिकून आली आणि खोट कुठे राहिली ते सगळ्या घराला समजलं.

मी भुताखेताचं ऐकून घेणारी बाई नाही. आमच्या गल्लीत चिंचेवरच्या हडळीला भिऊन लोक वळसा घालायचे, तेव्हा मी मुद्दाम तिथे सायकल लावायचे. तरी तिचा चेहरा पाहून मला हसता येईना. मी ठरवलं की हिला पुराव्याने बरं करायचं. आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचा उभं राहून वजन करायचा काटा होता. तिला म्हटलं, शनिवारी सकाळी या. सकाळी वजन करू, मग दुपारी तुम्हाला मांडीवर जाणवायला लागलं की पुन्हा करू. मांडीवर काही असेल तर काट्याला कळेल. तो कुणाचा नातेवाईक नाही.

शनिवारी सकाळी ती चव्वेचाळीस किलो भरली. शाळा सुटली, शिपाई कुलपं लावून गेला, प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. दोन वाजता ती भिंतीला टेकून मांडी घालून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मी वह्या तपासत होते. मग तिने साडीचा घोळ सावरला आणि नुसतं, आला, एवढं म्हणाली. ती उठली. उठताना तिने एक हात जमिनीला टेकला आणि दुसरा कमरेशी धरला. काट्यावर उभी राहिली. चव्वेचाळीस. मी वाकून, चष्मा पुसून पाहिलं. केसभरही इकडे तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली होती. सांगितलं, बघा, काही नाही. काटा हललेला नाही.

तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काटा हालला नाय म्हंजे त्याला वजन नाय," ती म्हणाली. "पण बाई, तुम्हीच शिकवलं ना पोरीला, वजन जातं पण बाकीचं जात नाय म्हणून?"

खडू ठेवून सावकाश म्हटलेलं माझंच वाक्य होतं ते. मी चंद्र, अंतराळ, यान वगैरे सांगायला लागले, पण ते मलाच पोकळ वाटायला लागलं. मग तिने स्वतःहून आणखी सांगितलं. म्हणाली, तो बसला असताना काहीच भार लागत नाही, नुसता असतो. उठायला गेलं की अडतं. उठलं की कडेवर येतो.

"चालता चालता मी थांबले की तो थांबत नाय, थोडा पुढं जातो. वळले की मागाहून वळतो. लय सांभाळून वळावं लागतं."

इथे मी चंद्र आणि यान सोडून दिलं, हे कबूल करते. कारण वजन नसलेला पण वस्तुमान असलेला ऐवज नेमका असाच वागतो. स्वस्थ असताना त्याचा भार लागत नाही, हलवायला गेलं की तो अडतो, थांबवायला गेलं की पुढे जातो. त्याला आम्ही जडत्व म्हणतो आणि ते नववीत शिकवतो. रूपाली आठवीत होती. तिच्या थोरल्या बहिणी सातवीत शाळा सोडून मळ्यात गेलेल्या. त्या घरात नववीचं पुस्तक कधी आलेलंच नव्हतं.

मी दंड धरून तिला काट्यावरून उतरवलं. ती उतरली, थांबली, आणि ती थांबल्यावर क्षणभराने माझ्या मनगटावर काहीतरी येऊन टेकलं. धक्का म्हणावा इतकं नव्हे. नुसतं टेकलं आणि सरकलं. मी हात काढून घेतला. ती म्हणाली, लागला का? मी नाही म्हटलं. त्या रात्री मी मनगट तीनदा धुतलं, आणि सकाळी स्वतःवरच चिडले.

चिडले की मी कामाला लागते. मनगटाचा विचार करायचा नाही असं ठरवलं, गुळाचा करायचा. दोन ग्रॅमचं खूळ मी घातलं, मीच काढणार. नवसाबाईचा नवरा मोतीराम याला बोलावून घेतलं. कमी बोलणारा, खांदे पडलेला माणूस. त्याला म्हटलं, येत्या रविवारी आपण तिघं डोंगरावर जाऊ. तोच काटा घ्या, तीच झोळी घ्या, खाली मोजलेला साडेअकरा किलो गूळ घ्या आणि कमीजास्त भरलं तर हाताशी असावा म्हणून वर दीडेक किलो असू द्या. त्याच फांदीला तो गूळ टांगू. खाली साडेअकरा भरलेला गूळ वरही साडेअकराच दाखवेल, कारण तुमच्या काट्याला दोन ग्रॅम दिसतच नाहीत. मग मी माझा तराजू काढीन आणि दाखवीन की दोन्ही पारडी सारखीच हलकी होतात, देवीचं काही बुडत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलं की तिची खात्री पटेल. मोतीरामने विचारलं, खात्री पटली की तो जाईल? मी म्हटलं, जाईल. मोतीराम म्हणाला की ती हल्ली जेवायलाही उठत नाही, उठलं तर पोर जागं होईल म्हणून.

पौषातला रविवार होता. सिन्नरपर्यंत एसटी, तिथून जीप, मग पायऱ्या. मोतीरामच्या डोक्यावर गुळाचं पोतं, माझ्या पिशवीत शाळेचा तराजू, जो मी हेडमास्तरांना न विचारता उचलला होता. देवळात गर्दी नव्हती. पुंजाराम नावाचा म्हातारा गुरव पायरीवर ऊन खात बसला होता. त्याने नवसाबाईला ओळखलं आणि मान खाली घातली.

आंब्याखाली गेलो. मोतीरामने काटा फांदीला अडकवला, लुगड्याची झोळी बांधली आणि एकेक भेली आत ठेवली. काटा उतरत उतरत साडेअकरावर थांबला. मी म्हटलं, नवसाबाई, इकडे या, वाचा. तिला आकडे वाचता येत होते, रोज भाजी मोजणारी बाई ती. पण ती काट्याकडे बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष झोळीकडे. डोंगरावर वारा होता, झोळी डुलायला लागली, आणि ती पुढे झाली. कुणी सांगितलं नाही, तिने ठरवलंही नसावं. तिने उजवा हात झोळीखाली धरला, तळव्यावर घेतल्यासारखा, आणि डाव्या हाताने झोळीची कड घट्ट पकडली.

काटा वर सरकला आणि दहावर येऊन थांबला.

मी पाहिलं. मोतीरामनेही पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता त्या काट्याकडे बघत राहिलो. तो हलत नव्हता. तिचा हात भाजीवालीचा, एकदा धरला की थरथरत नाही.

"तवा बी हात असाच हुता का?" मोतीरामने विचारलं.

"मग? रडत हुता त्यो. सोडू का काय?" ती म्हणाली. काट्यावर काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

इथे गप्प बसायला हवं होतं. सव्वीस वर्षं मी स्वतःला सांगते आहे की गप्प बसायला हवं होतं. पण बेरीज समोर आली की ती करून टाकायची माझी जित्याची खोड. मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे तो तेरा होता.

मग सगळं सांगावंच लागलं. तिचा हात खाली होता म्हणून त्याचा दीड किलो भार हाताने घेतला, काट्यापर्यंत पोचलाच नाही. डोंगराचा, उंचीचा, माझ्या त्या दोन ग्रॅमचा काही संबंध नव्हता. पृथ्वी त्याला पुरती ओढत होती, काट्याला जेवढं कळलं तेवढं त्याने खरं सांगितलं होतं. मूल तेरा किलोचं होतं आणि देवीला साडेअकरा गेलं. ती ऐकत होती. हात अजून झोळीखालीच.

मोतीराम तिच्याआधी हलला. त्याने पोत्यातून उरलेला गूळ काढला, एक अख्खी भेली आणि एक अर्धी, धोतराला हात पुसले आणि देवळाकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा उजेड पाहिला. म्हणाला, चल, हे देऊन टाकू, फिटून जाईल. पुंजारामही उठून आला, त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने ताम्हण पुढे केलं.

आणि मी, जिने जन्मात कुठल्या देवासमोर हात जोडले नाहीत, मी ती अर्धी भेली मोतीरामच्या हातातून घेतली आणि नवसाबाईसमोर धरली. मला तिला मोकळं झालेलं बघायचं होतं. तिचे गाल आत गेले होते, ती जेवायला उठत नव्हती, घरात चार मुली होत्या. देवी आहे की नाही हा प्रश्न त्या क्षणी मला फुकटचा वाटला. मी म्हटलं, द्या, आणि मोकळ्या व्हा.

तिने झोळीखालचा हात काढला. काटा साडेअकरावर गेला, पण आता तिकडे कुणी पाहिलं नाही. ती तो तळवा उलटसुलट करून बघत होती.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटायचं त्यो एवढुसाच का येतो. कुंदन असा नव्हता, चांगला भरलेला हुता. हा आपला एवढुसा, नव्या बाळावानी."

मोतीराम म्हणाला, देऊन टाक. ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. मग ती खाली बसली, मांडी घालून, आंब्याच्या मुळीवर, आणि पदर पुढे ओढला. दुपारचे दोन वाजायचे होते की वाजून गेले होते, मला सांगता येणार नाही, मी घड्याळ पाहिलं नाही.

"देवीकडं गेला त्यो गेला," ती म्हणाली. "तिचं तिनं नेलं. ह्यो म्या धरला हुता, म्हणून राह्यला. ह्ये बी दिलं तर माझ्याकडं काय राह्यलं, बाई?"

मी तिला रूपालीची शपथ घातली, तीन धाकट्या-थोरल्या मुलींची घातली. तिला तब्येतीचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. ती ऐकत होती, मान डोलवत होती, एका हाताने मांडीवर हळूहळू थोपटत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. दोन महिने जी भीती मी पाहिली होती ती पार गेली होती. देणं राहिलं म्हणून तो छळायला येतो असं तिला वाटत होतं तोवर ती सुकत होती. आता तिला कळलं होतं की तो तिचाच आहे. पुंजारामने ताम्हण मागे घेतलं आणि तो निघून गेला.

पुढे ती खायला-प्यायला लागली, अंगाने भरली, मार्केटला जाऊ लागली. लोक म्हणाले, बाईंनी बरं केलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. तो धडा मी आणखी अकरा वर्षं शिकवला, पण चंद्रावरचं भाजीचं दुकान बंद करून टाकलं. फळ्यावर दोन व्याख्या लिहायचे आणि मुलांना उतरवून घ्यायला सांगायचे.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. ती बसली होती तेव्हा मोतीरामने झोळी सोडली, काटा उतरवला आणि हातात घेऊन तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, ते जन्मात कुणी मला विचारलं नव्हतं आणि त्याचं उत्तर कुठल्याच इयत्तेत नाही.

"बाई, माझाच हुता ना त्यो? मला कवाच लागत नाय. रातच्याला हात पसरून बघतो, काय नाय." मग तो काट्याकडे बघत म्हणाला, "तवा म्या त्याच्याकडं बघितलंच नाय. म्या आकडा बघत हुतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तिथेच उभे राहिलो, आणि खाली शेवटची जीप निघायची वेळ होईपर्यंत तिला उठवायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच झालं नाही.